अंगठ्याची जागा

"कुकरचं झाकण ठेवल्यागत दिसतंय," हिराक्का म्हणाली.

"कुकरला वर शिट्टी असते," मुनीरभाई म्हणाला. "ह्याला शिट्टी कुठाय?"

"मंत्री आल्यावर वाजंल की."

सगळे हसले. मीही हसलो.

सकाळचे साडेआठ झाले असतील. मुनीरभाईच्या चहाच्या गाड्यावर आम्ही पाच-सहाजण उभे होतो आणि समोर नवीन कुस्ती संकुलावरचं हिरवं कापड माणसं उतरवत होती. दोन वर्षं ती इमारत कापडाच्या आत होती. कवठेपूरच्या बाजारपेठेत, अगदी मधोमध. आधी तिथं जुनं मैदान होतं. मातीचा हौद, भोवतीनं मातीच्याच पायऱ्या, वर आभाळ. कोपऱ्यात एक चिंच. ते सगळं बुजवून नगरपालिकेनं हे बांधलं. वर पत्र्याचं मोठं गोल छत आणि छताला भोवतीनं लोखंडाचं जाडजूड कडं.

हिराक्का समोर फळं विकायची. चिंच गेली तशी तिची सावलीपण गेली, त्यामुळे तिला ती इमारत आवडण्याचा प्रश्नच नव्हता.

देसाई गुरुजी चहाचा ग्लास हातात धरून बराच वेळ बघत होते. ते हायस्कूलला चित्रकला शिकवायचे. मलाही त्यांनी शिकवलंय.

"पूर्वेच्या दारावर बघा," ते म्हणाले. "कडा खाली आलीय. दिसतंय का? सगळीकडं सरळ आहे आणि तिथंच दबलीय."

"व्हय की," मुनीरभाई म्हणाला. "वाकलंय."

"वाकलंय न्हवं, लोखंड खाल्लंय," हिराक्का म्हणाली. "तिथं जाऊन संपलं असंल."

"एवढी मोठी इमारत आणि एक रेघ सरळ ओढता येत नाही ह्यांना." गुरुजी माझ्याकडं वळले. "निवास, तू इनामदाराच्या ऑफिसात ना रे? हे कुणी काढलं?"

"सरांनी," मी म्हणालो.

"इनामदारानं?"

"हो."

खोटं बोललो. ती इमारत मी काढली होती. छत, कडं, दारं, पायऱ्या, सगळं. तेवीस वर्षांचा होतो, बारावी नापास. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकलेलो. इनामदार सर आर्किटेक्ट, सही त्यांची, बोर्डावर नाव त्यांचं. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. मला समोर बसवून त्यांनी स्पष्ट सांगितलेलं, "डिग्रीशिवाय तुझं नाव लावता येत नाही निवास. आणि बाहेर बोलूही नको. बारावी नापास पोरानं काढलंय म्हटलं की विरोधी पार्टी फाईल अडवेल." मी हो म्हणालो होतो. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

"मग तुला कसं वाटतंय सांग की," मुनीरभाई म्हणाला. "तू तर त्यातलाच हायस."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी समोर बघितलं. दोन वर्षं कापडाच्या आत ती कशी झाली असेल हे मनात बघत बघत मी झोपलेलो. आता ती समोर होती. स्क्रीनवर होती तशीच होती. जवळजवळ.

"उलटी परात," मी म्हणालो.

हिराक्का एवढी हसली की तिला ठसका लागला. गुरुजीसुद्धा हसले. मुनीरभाईनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

*

चार दिवसांत सगळं गाव परात म्हणायला लागलं.

रिक्षावाले म्हणायचे. कॉलेजची पोरं म्हणायची. फेसबुकवर कुणीतरी त्या छतावर भाकरी थापतानाचा फोटो जोडून टाकला, त्याला नऊशे लाईक आले. स्थानिक पेपरात आलं, 'परातीत होणार कुस्त्या'. मी ऑफिसात पेपर वाचत होतो तेव्हा इनामदार सर आतून आले, त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, वाचला आणि घडी करून ठेवला.

"कुणीतरी हुशार माणूस असणार," ते म्हणाले. "एका शब्दात सगळं गाव जोडलं."

मी माऊस हलवत बसलो.

"तुला वाईट वाटत असेल."

"नाही सर."

"मला वाटतंय," ते म्हणाले. "चांगली झालीय रे. ती दारावरची कडा तर फार छान. प्रवेशद्वार लांबून ओळखू यावं म्हणून, असंच म्हणाला होतास ना?"

"हो सर."

तेही खोटं होतं.

आमच्या घरात आम्ही दोघंच. आबा आणि मी. आई मी नववीत असताना गेली. आबा हलगी वाजवायचे. कुस्तीच्या मैदानात हलगी लागतेच. पैलवान मैदानात आला की हलगी, जोड लागली की हलगी, आणि डाव पडायच्या आधी ती अशी काही वाढत जाते की बसलेला माणूस नकळत उभा राहतो. आमच्या तालुक्यात गणपा ऐवळेची हलगी म्हटलं की लोक ओळखायचे. माणसाला कमी, हलगीला जास्त.

मला वाजवता येत नाही. आबांनी कधी शिकवलं नाही, मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी भाकरी वाढून घेत होतो. आबा भिंतीला टेकून बसलेले.

"नगरपालिकेचा माणूस आलता," ते म्हणाले. "उद्घाटनाला वाजवा म्हणला."

"मग?"

"मग काय. वाजवायचं."

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"बघितलं का तुम्ही? वरचं कापड काढल्यापास्नं?"

"बघितलं."

"कसं वाटलं?"

आबांनी घास संपवला. पाणी प्याले.

"मोठं हाय," ते म्हणाले.

मी वाट बघितली. पुढं काही आलं नाही. मग त्यांनी ताटावरची नजर न उचलता विचारलं, "परात म्हणत्यात त्याला. कुणी ठिवलं रं हे नाव?"

"काय माहीत," मी म्हणालो.

त्यांच्या डोक्यावर खुंटीला हलगी लटकत होती. मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

कारण ती इमारत म्हणजे ती हलगी होती.

त्याच्या तीन वर्षं आधीची एक रविवारची दुपार. नगरपालिकेला सोमवारी चित्र दाखवायचं होतं आणि सरांना काही सुचत नव्हतं. ते मला म्हणाले, तू पण काढून बघ काहीतरी. घरी आबा झोपले होते. मी खुंटीवरची हलगी काढली, मांडीवर ठेवली आणि टेप लावून मोजायला लागलो. लोखंडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं. कड्याची जाडी, उंची, सगळं वहीत लिहिलं. आणि वरच्या बाजूला एका जागी ते कडं थोडं दबलेलं होतं, गुळगुळीत. तीस वर्षं आबांचा डावा अंगठा तिथं असायचा. लोखंडसुद्धा झिजतं, दबतं. मी तिथं माझा अंगठा ठेवून बघितला. बसला नाही नीट. त्यांचा रुंद आहे.

आबांना जाग आली. "काय करतोयस?"

"असंच."

"पाडू नगो."

आणि कूस बदलून झोपले.

पूर्वेच्या दारावर कडं खाली आलेलं, ते लोखंड कमी पडलं म्हणून नाही. तो अंगठा आहे. ठेकेदाराच्या इंजिनिअरनं दोनदा फोन केला होता, नकाशात चूक आहे का म्हणून. दोन्ही वेळा मी म्हणालो, चूक नाही, आहे तसंच करा.

मला वाटलं होतं, कापड उतरलं की कुणीतरी म्हणेल, अरे ही तर हलगी. एकानं जरी म्हटलं असतं तरी चाललं असतं. खरं सांगायचं तर एकाच माणसानं म्हणायला पाहिजे होतं. आणि तो म्हणाला, मोठं हाय.

मी ठरवलं, उद्घाटनाच्या दिवशी सांगायचं. ते आत वाजवतील, लोक उभे राहतील, आणि बाहेर आले की मी म्हणेन, आबा, वर बघा. काय दिसतंय? एवढंच.

तोपर्यंतचे तीन दिवस मी कामावरून सुटलो की मुनीरभाईच्या गाड्यावर जाऊन बसायचो. माणसं परातीवर नवीन नवीन विनोद करायची आणि दाद घ्यायला माझ्याकडं बघायची, कारण नाव मी ठेवलेलं. मी दाद द्यायचो. मग अंधार पडायच्या सुमाराला संकुलाचे दिवे लावून बघायचे, कड्याखालून उजेड यायचा, आणि मला ते एवढं आवडायचं की मी चहाच्या ग्लासात बघत बसायचो. शेजारी माणसं असायची. कुणाला सांगावं असं त्यात कुणी नव्हतं.

*

उद्घाटनाला पौषातलं दाट धुकं पडलं. साडेनऊ वाजले तरी संकुलाच्या छताचा वरचा भाग दिसत नव्हता. सगळीकडं ओल. मुनीरभाईच्या गाड्याचा पत्रासुद्धा ठिबकत होता.

आबा पांढऱ्या कपड्यात, डोक्याला गुलाबी फेटा. बरोबर सर्जातात्या. तात्या आबांच्या हलगीबरोबर घुमकं वाजवायचे. घुमकं म्हणजे हलगीला खालून धरणारा घोगरा ढोल. दोघं गेली पंचवीस वर्षं बरोबर वाजवत होते आणि एकमेकांशी फार बोलत नव्हते. मी सुट्टी काढून त्यांच्याबरोबर आलेलो.

आबांनी बोटानं कातड्यावर टिचकी मारली. थप्प असा आवाज आला. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा.

"उतरलीय," तात्या म्हणाले.

"धुकं हाय की," आबा म्हणाले. "शेकाय लागंल."

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हलगीचं कातडं हवेतल्या ओलीनं सैल पडतं. मग जाळ करून त्याच्यावर ती धरायची, फिरवत फिरवत, हळूहळू. कातडं ताणलं जातं आणि आवाज चढतो. प्रत्येक वेळी वाजवायच्या आधी हे करावं लागतं, आणि थंडीत मध्ये मध्येपण. जाळाशिवाय हलगी म्हणजे नुसतं कडं. जुन्या मैदानात चिंचेखाली कोपऱ्यात एक काळी पडलेली जागा होती. तीन दगड, बाजूला उसाच्या पाल्याचा ढीग. आमची माणसं तिथं बसायची. तिथनंच वाजवायची.

पूर्वेच्या दारात वॉचमन होता. नवीन निळा ड्रेस, पाठीवर घडीच्या रेघा तशाच.

"दादा, हलगी शेकायची हाय. कुठं करू जाळ?" आबांनी विचारलं.

"जाळ?" तो म्हणाला. "आत जाळ न्हाय चालत. वर धुराचं यंत्र बसवलंय. बोंबलतंय लगेच."

"आत न्हाय, ह्या कडंला."

"ही ग्रेनाईट हाय मामा. काळी झाली तर मला घरी पाठवतील."

"मग त्या तिकडं, चिंच होती तिथं?"

"तिथं व्हीआयपी पार्किंग हाय."

तिथं खरंच तीन पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या.

आबा माझ्याकडं वळले. माझ्या लहानपणानंतर आम्ही पहिल्यांदाच असे समोरासमोर उभे होतो, त्यांच्या कामाच्या ठिकाणी.

"निवास, तुझ्या हापिसात केलंय न्हवं हे? तुला ठावं असंल. कुठं शेकू?"

मला सगळा नकाशा पाठ होता. आजही आहे. तिकीट खिडकी, पंचांची खोली, पैलवानांच्या अंघोळीच्या सात खोल्या, पाण्याची टाकी, जनरेटर, पत्रकारांची जागा, बायकांचं वेगळं स्वच्छतागृह, सगळं. मी डोळे न मिटता एकेक खोली फिरलो. कुठंही एक वावभर जागा नव्हती जिथं माणूस खाली बसून जाळ करू शकेल.

"बाहेर करूया," मी म्हणालो. "मुनीरभाईकडं."

मुनीरभाईनं लगेच चहाचं पातेलं उतरवलं. "या या गणपाभाऊ. गॅस हाय, चालंल न्हवं?"

आबा गॅसच्या शेगडीकडं बघत राहिले. "पाला असता तर बरं."

"पाला आता कुठनं आणू भाऊ. गावात पाला राहिलाय का."

तेवढ्यात आतून नगरपालिकेचा माणूस पळत आला. मंत्री पाच मिनिटांत पोचतायत, नाव लिहून द्या, दोघं या, सही करा. आबांनी हलगी माझ्या हातात दिली.

"लांबनं धर. फिरवत ऱ्हा. हाताला सोसंल एवढंच."

आणि तात्यांना घेऊन गेले.

मी त्या आधी कधी हलगी शेकली नव्हती. लहानपणी जाळ फुंकलाय, पाला आणून दिलाय, पण हलगी धरली नव्हती. मुनीरभाईनं गॅस मोठा केला. निळा जाळ, सरळ वर येणारा. पाल्याचा जाळ मऊ असतो, पसरतो, हलतो. हा एका जागी लागत होता. मी फिरवत होतो. टिचकी मारून बघितली, अजून थप्प. लांबून सायरन ऐकू आला. मंत्र्यांच्या गाड्या चौकात वळल्या. मी हलगी थोडी खाली नेली. परत टिचकी मारली. आवाज चढला होता, छान चढला होता, आणि मला वाटलं अजून थोडं, म्हणजे आत गेल्यावर घुमेल.

कातडं फाटलं तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. कागद फाडावा तसा. मधून कड्यापर्यंत.

हिराक्का फळांच्या पाट्या सोडून उठून आली. मुनीरभाईनं गॅस बंद केला.

आबा सही करून आले. त्यांनी माझ्या हातातली हलगी घेतली, भेगेतून बोटं घालून पलीकडं काढली, बघितली. तात्या मागे उभे होते, घुमकं गळ्यात.

"दुसरी हाय का कुणाकडं?" मुनीरभाईनं विचारलं.

"हाय, पण हितं न्हाय," तात्या म्हणाले.

नगरपालिकेचा माणूस परत आला. आबांनी त्याला हलगी दाखवली. तो एक क्षण गोंधळला, मग म्हणाला, "असू दे, असू दे. रेकॉर्डिंग हाय आमच्याकडं." आणि पळत गेला.

दोन मिनिटांनी आतून स्पीकरवर हलगी सुरू झाली. कुठली होती कुणास ठाऊक. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

*

गाड्यासमोरच्या फळीवर आम्ही तिघं बसलो. तात्यांनी घुमकं पायाशी ठेवलं. मुनीरभाईनं न विचारता चहा दिला. आत कुस्त्या लागल्या होत्या, बाहेर रस्ता रिकामा होता. धुकं हळूहळू वर चाललं होतं.

मला वाटत होतं आबा चिडतील. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"कातडं दुसरं घालता येतं," ते म्हणाले. "त्याचं काय न्हाई."

त्यांनी फाटलेल्या कातड्याचे दोन्ही पदर कड्यातून ओढून काढले आणि घडी करून खिशात ठेवले. हातात नुसतं कडं राहिलं. मग त्यांनी ते कडं डाव्या हातात धरलं, नेहमीसारखं, अंगठा त्याच्या जागेवर. हात लांब केला. एक डोळा मिटला. कड्यातून समोर बघायला लागले.

मी त्यांच्या बाजूनं वाकून बघितलं. धुकं उठलं होतं आणि समोरचं छत पूर्ण दिसत होतं. आबांनी हात थोडा मागे घेतला, थोडा तिरका केला. संकुलाचं कडं हातातल्या कड्यात बरोब्बर बसलं. आबांच्या अंगठ्याखाली पूर्वेचं दार होतं.

"बरोबर काढलंयस," ते म्हणाले. "अंगठासुदीक."

मी छताकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"कधी ओळखलं?" मी शेवटी विचारलं.

"कापड काढलं त्याच दिवशी. सकाळी मंडईत आलतो. मोजत हुतास न्हवं त्या रविवारी. मी जागा हुतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणलं."

तात्या चहा पीत दुसरीकडं बघत होते. आबांनी कडं खाली, मांडीवर ठेवलं.

"शेकायला जागा तेवढी राहून गेली," ते म्हणाले. ओरडून नाही, टोचून नाही. मीठ कमी पडलंय म्हणावं तसं.

मी 'विसरलो' म्हणू शकलो असतो. त्यांनी ते मान्य केलं असतं. पण त्या आठवड्यात मी एवढं खोटं बोललो होतो की आता माझ्याच्यानं होईना.

"विसरलो नव्हतो," मी म्हणालो. "जागा काढली होती आबा. चिंचेच्या कोपऱ्यात. पाच फुटाचा गोल, वरून पत्रा नाही, धूर जायला मोकळं. नकाशात होता तो."

"मग?"

"सरांनी विचारलं, हा गोल कसला. मी म्हणालो, काही नाही सर, चुकून आलाय. आणि खोडला."

आबांनी चिंचेच्या कोपऱ्याकडं, तिथल्या पांढऱ्या गाड्यांकडं बघितलं.

"सहावीत असताना तिथं मी जाळ फुंकत होतो," मी म्हणालो. "वर्गातली पोरं वरच्या पायऱ्यांवर बसली होती. त्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे तोंडानं फू फू करत होते. मला ते इनामदार सरांना सांगायचं नव्हतं. ती जागा कशाची, तिथं कोण बसतं. मला वाटलं, नवीन आहे तर नवीनच असू दे. स्वच्छ."

हे मी आधी कुणाला सांगितलं नव्हतं. आताही पहिल्यांदाच लिहितोय.

आबा फळीवरचा ओघळ बोटानं पुसत राहिले.

"म्या तुला हलगी शिकवली न्हाई," ते म्हणाले. "तुझी आई म्हणायची शिकवा, हात चांगला हाय पोराचा. मी न्हाई म्हणलं. पोरगं त्या कोपऱ्यात बसाय नगो म्हणलं." त्यांनी चहा संपवला, ग्लास उलटा करून शेवटचा थेंब जमिनीवर सोडला. "मग दोघांनी मिळूनच खोडली म्हण."

आतून स्पीकरवरची हलगी मध्येच अडकली, तोच तुकडा दोनदा वाजला, आणि पुढं सुरू झाली. तात्या हसले. आबापण हसले. मी त्यांना त्या आठवड्यात पहिल्यांदा हसताना बघितलं.

मग त्यांनी मुनीरभाईला विचारलं, "मुनीरभाई, हे परात नाव कुणी पाडलं रं? तुझ्या गाड्यावरनंच निघालं म्हणत्यात."

मुनीरभाई ग्लास विसळत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं. त्याला तेव्हाच सगळं कळलं असणार, समोरच तर बसून बोललो होतो आम्ही.

"काय की भाऊ," तो म्हणाला. "सतरा माणसं येत्यात. कोण काय बोललं ध्यानात ऱ्हातंय का."

"नाव चांगलं न्हाई," आबा म्हणाले. "पण बसलंय."

आणि उठले.

मी त्यांना ते सांगितलं नाही. एकाच दिवशी दोन गोष्टी सांगायचं बळ नव्हतं, आणि नंतर कुठलाच दिवस तसा आला नाही. आबांनी नवीन कातडं घातलं, पुढची चार वर्षं तालुक्यातल्या सगळ्या मैदानांत वाजवली. त्या संकुलात मात्र नाही. तिथं रेकॉर्डिंगच लागतं.

आता मी पुण्यात असतो. दुसऱ्यांचेच नकाशे काढतो, सही दुसऱ्यांचीच. आबा दोन वर्षांपूर्वी गेले. हलगी माझ्या खोलीत खुंटीला आहे. हवा ओली झाली की कातडं सैल पडतं, दिसतं मला. फ्लॅटमध्ये जाळ करता येत नाही.

मागच्या महिन्यात घराच्या कागदांसाठी गावी गेलो होतो. एसटी बाजारपेठेत शिरली तसा कंडक्टरनं दोरी ओढली आणि डोळे चोळत ओरडला, "परात, परात. परातीला उतरणारे पुढं या."

माझ्याशिवाय कुणी उठलं नाही. मी पिशवी घेतली आणि उतरलो.